बोरखडीची तीस घरं

पेडगाव,
१८ नोव्हेंबर १९९३

भुजंगदादा,

कुसुमचा नमस्कार घे आणि रागावू नकोस. दिवाळीला पत्र नाही, राखीचं पाकीट उशिरा, आणि आता काम पडलं तशी बरोबर आठवण झाली, असं तू म्हणणार. म्हण. आपल्या सगळ्या गोतावळ्यात कॉम्प्युटर कळणारा तू एकटाच, तेव्हा तुझी बोलणी खाणं मला भाग आहे.

मी परभणीला गणकसेवा केंद्रात लागले हे माझ्या आईने कळवलंच असेल. सकाळच्या एस.टी.ने जाते, दिवे लागायच्या आत परत येते. आमचे मालक दत्तराव सर, मी आणि एक मशीन, एवढाच कारभार. मशीनचा मान मोठा आहे. त्याला गार हवेची खोली, जाड पडदे, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या.

काम असं आहे. धरणाखाली जाणाऱ्या तीन गावांची चारेकशे घरं मशीनमध्ये भरायची. एका घराची एक फाइल. माणसं किती, खण किती, झाडं किती, जनावरं किती. वीस जानेवारीला त्यावरून यादी छापायची. यादीत ज्याचं नाव, त्याला नव्या गावठाणात प्लॉट. ज्याचं नाव नाही तो पाण्याच्या काठावर बसला तरी त्याला कुणी विचारणार नाही. या तीन गावांत आपली बोरखडी आहे, म्हणजे नर्मदामावशीचं, तुझ्या आईचं घर आहे. म्हणून मी एरवीपेक्षा जास्त जपून काम करते.

आता घोळ ऐक. तिन्ही गावांत घरांचे नंबर तेच ते आहेत, म्हणून सरांनी फाइलला नाव द्यायची रीत ठरवली: गावाची तीन अक्षरं आणि पुढे घरमालकाचं नाव, सगळं इंग्रजी अक्षरांत. पण बोरखडीच्या काही फॉर्मवर नावाच्या जागी नुसत्या खुणा होत्या. कुठे तारा, कुठे दोन तारे, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे अधिकचं चिन्ह. मी तशाच्या तशा मारल्या. काल त्यातली ताऱ्याची एक फाइल छापायला सांगितली तर मशीन अख्खी बोरखडी छापत सुटलं. प्रश्नचिन्हाची मागितली तर पाच-सहा भलत्याच घरांची निघाली. कागदाचं अख्खं खोकं संपलं. सर म्हणाले, फाइलींची नावं पंधरा दिवसांत स्वच्छ कर, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो. मला काही समजेनासं झालंय. एकेक फाइल हाताने बदलायला गेले की मशीन भलतीच फाइल हातात घेतं.

काही उपाय असेल तर लवकर लिही. मावशी बरी आहे. काकांचंही ठीक.

तुझी,
कुसुम

&nbsp;

पुणे,
२५ नोव्हेंबर १९९३

कुसुम,

पत्र मिळालं. तुझ्या कागदाच्या खोक्याची गोष्ट मी इथे ऑफिसात वाचून दाखवली, लोक पोट धरून हसले. रागावू नकोस, आम्ही सगळेच कधी ना कधी हे करून बसलोय.

मशीन बिघडलेलं नाही. ते युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालतं आणि युनिक्सच्या लेखी तारा म्हणजे 'सगळे'. प्रश्नचिन्ह म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. तू म्हणालीस बोरखडीचे सगळे छाप, त्याने छापले. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की तुला एकच घर हवं होतं. फाइलच्या नावात असला कचरा कधी घालू नये, हे तुला कुणी शिकवलं नाही याचं मला नवल वाटतं.

हाताने एकेक बदलत बसू नकोस, जन्म जाईल. सोबत वेगळ्या कागदावर पाच ओळींची शेल स्क्रिप्ट लिहून पाठवतो. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेली कामाची चिठ्ठी. ती प्रत्येक फाइल उचलते, नावातली अक्षरं आणि आकडे ठेवते, बाकी सगळ्या खुणा झाडून टाकते आणि नवं नाव लावते. चारशे काय, चार हजार फाइली असल्या तरी चहा होईपर्यंत काम संपतं. अक्षर न अक्षर तसंच टाइप कर. तिसऱ्या ओळीत उलट्या खुणा आहेत, त्या साध्या अवतरणचिन्हांच्या नव्हेत. कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बोट फिरव, सापडतील.

आईला सांग, मी बरा आहे. खानावळ बदलली. आबा माझ्याबद्दल काही बोलतात का? तू 'काकांचं ठीक' एवढंच लिहितेस. शेरडंमेंढरं सोडून निघालास तर या दारात परत पाय ठेवू नको, असं ते म्हणाले त्याला या पौषात चार वर्षं होतील. मी पाय ठेवला नाही. बोलावलं तर येईन, एवढं त्यांच्या कानावर घाल.

भुजंग

&nbsp;

पेडगाव,
२ डिसेंबर १९९३

भुजंगदादा,

चालली. पहिल्यांदा मशीनने तुझ्या चिठ्ठीत चूक काढली, ती माझीच होती, उलटी खूण सुलटी पडली होती. दुसऱ्यांदा एंटर मारलं आणि मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावेपर्यंत काम संपलंसुद्धा. सगळी नावं स्वच्छ, एक तारा नाही की प्रश्नचिन्ह नाही. सरांनी स्वतः चहा मागवला. बोरखडीच्या पाटलाची फाइल छापली तर तेवढीच निघाली, म्हणून मी दोनदा छापली.

पण एक कोडं पडलंय. आदल्या दिवशी मी फाइली मोजल्या होत्या तेव्हा चारशे बारा होत्या. काल मोजल्या तर तीनशे ब्याऐंशी. पुन्हा मोजल्या, तीनशे ब्याऐंशीच. आज सकाळी चपला काढून, हात धुऊन पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

सरांना अजून सांगितलं नाही. तुझ्या चिठ्ठीत 'पूस' असं कुठे लिहिलेलं मला तरी दिसत नाही. मग तीस फाइली गेल्या कुठे? मी दुसऱ्या एखाद्या ठिकाणी तर नाही ना पाठवल्या? मशीनमध्ये असं एखादं ठिकाण असतं का, जिथे चुकलेल्या वस्तू जाऊन पडतात?

कुसुम

&nbsp;

पुणे,
९ डिसेंबर १९९३

कुसुम,

मशीन फाइल खात नाही. माणसं मोजताना चुकतात. तू आधी मोजलंस तेव्हा त्यात दुसऱ्या कामाच्या फाइली धरल्या असतील. मी तीच पाच ओळींची चिठ्ठी इथे आमच्या मशीनवर चालवून पाहिली, वीस फाइली होत्या, वीसच राहिल्या. तेव्हा डोकं शांत ठेव, फॉर्मचे गठ्ठे पुढ्यात घे आणि एकेक नाव जुळवून बघ. आणि जे काय करशील त्याच्याआधी फ्लॉपीवर कॉपी काढ. काढतेस ना?

वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. जेवताना एक गोष्ट डोक्यात आली आणि ताट सारून उठलो. समज, दोन फाइलींची नावं निव्वळ खुणांनी वेगळी असली आणि खुणा काढल्यावर दोन्हींचं नाव एकच उरलं, तर मशीन काय करेल? ते विचारणार नाही. दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसवेल आणि पहिली गेली. हे चिठ्ठीत तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. पण असं होईल कसं? दोन घरांना एकच नाव कुणी देत नाही. नावामागे माणूस असतो, नुसत्या खुणेमागे काय असणार?

म्हणून नीट आठवून लिही. त्या खुणा फॉर्मवर घातल्या कुणी आणि कशासाठी?

भुजंग

&nbsp;

पेडगाव,
१६ डिसेंबर १९९३

भुजंगदादा,

खुणांच्या मागे बायका होत्या.

मला हे चार दिवसांपूर्वी कळलं. मोजणीचे चंद्रभान भाऊसाहेब परभणीला आले होते, त्यांना गाठून विचारलं. ते फेब्रुवारीत बोरखडीला गेले तेव्हा निम्मे बापे मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेले. घरात बाई. हे विचारणार, घरमालकाचं नाव काय? बाई पदर दातात धरून गप्प. नवऱ्याचं नाव तोंडाने कशी घेणार? शेजारीण सांगेल म्हटलं तर ती थोरल्या दिराचंही नाव घेत नाही. भाऊसाहेबांना संध्याकाळची एस.टी. गाठायची होती. त्यांनी प्रत्येक घराला एक खूण घातली, इथे तारा, तिथे दोन तारे, म्हणजे घरं वेगळी राहतील. बापे परत आले की येऊन नावं भरीन असं ठरवलं. मग किल्लारीचा भूकंप झाला, त्यांची नेमणूक तिकडे लागली, आणि खुणा तशाच माझ्यापर्यंत आल्या. मला तरी काय माहीत. मला वाटलं, सरकारी रीत असेल.

अशी एकतीस घरं होती. तुझ्या चिठ्ठीने खुणा झाडल्या आणि एकतीसही जणींच्या नावात नुसती बोरखडीची तीन अक्षरं राहिली. एकावर एक बसत गेल्या. शेवटची तेवढी उरली, ती सटवाजीच्या तानुबाईची, हे भाऊसाहेबांनी आतल्या आकड्यांवरून ओळखलं. बाकीची तीस घरं मशीनमध्ये नाहीत.

फ्लॉपीचं विचारू नकोस. एकच डबा आहे आणि सरांनी त्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम उतरवलंय. फॉर्मचे गठ्ठे मोठ्या कचेरीत परत गेले, ते मागायचे तर सगळं सांगावं लागेल. सरांना सांगायचं धाडस मला झालेलं नाही. यादीला पस्तीस दिवस राहिलेत.

आणि दादा, हे लिहायचं टाळत होते. त्या तीसमध्ये मावशीचं घर आहे. तिच्या फॉर्मवर दोन तारे आणि मध्ये एक आडवी रेघ होती. मी स्वतः मारली होती.

कुसुम

&nbsp;

पुणे,
२२ डिसेंबर १९९३

कुसुम,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभ्यानेच वाचलं. मग वर जाऊन दिवसभर काय काम केलं ते आठवत नाही. मी कचरा म्हणालो होतो. पुण्यात बसून, लोकांना हसवत, माझ्याच आईचं घर मी पुसलं. आणि तुलाच वर शहाणपण शिकवलं. मला माफ कर.

पण माझा गोंधळ मिटलेला नाही. बाकीच्यांचं समजलं. आपल्या घरी खूण कशी आली? आबा आता साठीला आले, गुडघे धरतात, चराईला लांब जात नाहीत. फेब्रुवारीत ते घरीच असणार. भाऊसाहेब नीट गेलेच नाहीत का आपल्याकडे?

ते असो. आपल्या घराचं काम सोपं आहे, तेवढं तरी आज मिटवून टाक. आईने नाव घ्यायची गरज नाही, मी घेतो. घरमालक किशनराव. माणसं दोन, आबा आणि आई. मी नोकरीनिमित्त बाहेर. घर तीन खणी, मागे मेंढवाडा. दारात चिंच एक, परसात शेवगा एक. मेंढ्या चाळीस धर, दोन-चार इकडेतिकडे. हे सगळं मशीनमध्ये भर आणि फाइलला आबांचं नाव दे. म्हणजे यादीत निदान आपलं घर येईल.

नवी चिठ्ठीही पाठवतो. या चिठ्ठीत नाव बदलण्याआधी मशीन बघतं की त्या नावाचं कुणी आधीपासून आहे का. असलं तर थांबतं आणि तुला विचारतं. आधीच एवढं लिहायला हवं होतं.

आबांना सांग की प्लॉटच्या कागदाला काही लागलं तर मी आहे. न बोलावता आलो तर चालेल का, तेही विचार.

भुजंग

&nbsp;

पेडगाव,
३ जानेवारी १९९४

भुजंगदादा,

तुझा कागद माझ्यापुढे आहे. मी तो मशीनमध्ये भरलेला नाही. का ते सांगते, शेवटपर्यंत वाच आणि मगच रागाव.

शेवटी मी सरांना सगळं सांगितलं. ते आधी खूप बोलले, मग म्हणाले, तीस कोरे फॉर्म घे आणि जा. चंद्रभान भाऊसाहेबांनाही लाज वाटली असावी, सुटी टाकून ते बरोबर आले. परभणीहून सोनपेठ, तिथून पुढे चालत. दोन रविवार आणि मधला एक सोमवार असे तीन दिवस आम्ही बोरखडीत घरोघर हिंडलो.

बायका माणसं, खण, मेंढ्या सगळं धडाधड सांगायच्या आणि नाव विचारलं की पुन्हा गप्प. सरजाबाईने शाळेतलं पोरगं हाक मारून आणलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. कासाबाईने सासऱ्याचा जुना सातबारा माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभी राहिली. एकीने नवऱ्याचं नाव ज्या देवाचं, त्याच्या देवळाकडे बोट केलं. असं करत एकोणतीस नावं मिळाली.

मावशीचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

दादा, किशनकाका घरी नाहीत. दोन वर्षं झाली. ते ताडकळसला राहतात, तिथे त्यांनी दुसरं घर केलंय. मेंढ्या जाताना घेऊन गेले, आज मेंढवाड्यात एकही नाही. तिसरा खण गेल्या पावसात बसला. चिंच आहे. तुझ्या कागदावरचं तेवढंच खरं उरलंय. मावशी लोकांच्या रानात खुरपायला जाते. आम्हाला सगळ्यांना तिने शपथ घातली होती की भुजंगला कळवायचं नाही, पोरगं नोकरी सोडून भांडायला येईल. म्हणून मी दर पत्रात 'ठीक' लिहीत होते. आता शपथ मोडली. तुझा कागद पाहिल्यावर गप्प राहणं शक्यच नव्हतं.

फेब्रुवारीत भाऊसाहेबांना वाटलं की हीसुद्धा रीतीप्रमाणे नाव घेत नाही. आम्ही गेलो तेव्हा तिने आम्हाला गुळाचा चहा दिला आणि फॉर्मकडे बघितलंही नाही. भाऊसाहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "ल्ह्यायचं तर माजं ल्ह्या. घरात मी ऱ्हाते."

भाऊसाहेब अडले. नवरा जिवंत असताना बाईचं नाव घरमालक म्हणून लावायचं तर सज्ञान मुलाने तसं लिहून द्यावं लागतं, असं ते म्हणतात. वडील त्या घरात राहत नाहीत, आईचं नाव लावायला हरकत नाही, असं सहीनिशी. नाहीतर काकांचं नाव लावा म्हणतात, कागद बिनबोभाट होईल. बिनबोभाट होईल हे खरं. पण मग प्लॉट काकांचा. गेल्या आठवड्यात ते बोरखडीत येऊन पाटलाला विचारून गेलेत की यादी कधी लागणार. ताडकळसची बाई नव्या गावठाणात यायला तयार आहे म्हणे. मावशीने मग कुठे जायचं?

ती तुला लिहायला नको म्हणाली. बापाच्या विरुद्ध पोराच्या हातून लिहून घ्यायचं नाही म्हणाली. मी तिचं ऐकत नाहीये. तुझ्या उत्तरावर सगळं आहे. वीस तारखेला सकाळी यादी छापली जाईल. इकडे विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलंय, गाड्या कधी बंद पडतील सांगता येत नाही, तेव्हा वेळ लावू नकोस.

कुसुम

&nbsp;

पुणे,
११ जानेवारी १९९४

कुसुम,

तुझं पत्र आठला मिळालं. तीन दिवस मी काही लिहू शकलो नाही.

पहिल्या दिवशी तुझ्यावरच चिडलो, मला अंधारात ठेवलंस म्हणून. मग आईवर. आबांवर चिडायला गेलो तर ते जमेना, कारण डोळ्यांपुढे ते अजून त्याच दारात उभे आहेत, हातात काठी, पाय ठेवू नको म्हणत. चार वर्षं मी त्या दारापासून लांब राहिलो. त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून आईलासुद्धा भेटलो नाही. आणि दोन वर्षांपूर्वी ते स्वतःच त्या दारातून निघून गेलेत. दोन वर्षं मी कुणाला घाबरत होतो, ते मला सांगता येत नाही.

काल संध्याकाळी कागद घेऊन बसलो. मशीनसाठी मी कितीतरी लिहितो, पण हे तीन ओळींचं काही केल्या हातून उतरेना. "माझे वडील गेली दोन वर्षे या घरात राहत नाहीत" एवढं लिहिलं आणि फाडलं. चार वेळा फाडलं. एकदा वाटलं, आधी ताडकळसला जाऊन त्यांच्या तोंडून ऐकावं. मग तारीख आठवली. शेवटी पाचव्यांदा लिहिलं ते सोबत आहे. सही केली आहे, साक्षीला आमच्या दोन साहेबांच्या सह्या घेतल्या आहेत. त्यांनी वाचलं आणि काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

फाइलला आईचं नाव दे. रजिस्टरने पाठवतो आहे. पोचलं की लगेच कळव, एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

हे बरोबर केलं की नाही, मला अजून कळत नाही. आईला दुःख होईल का? तूच बघ तिच्याकडे आणि मला खरं लिही. आता 'ठीक' लिहू नकोस.

भुजंग

&nbsp;

पेडगाव,
३० जानेवारी १९९४

भुजंगदादा,

एका ओळीचं कार्ड टाकलं होतं ते मिळालं असेल. आता सगळं सांगते.

चौदा तारखेला नामांतर जाहीर झालं आणि इकडच्या गाड्या बंद पडल्या. कुठे दगड, कुठे जाळपोळ, परभणीचा बाजारही बंद. टपाल येईना. मी पेडगावात अडकून पडले आणि रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघत बसले. एकोणीसला तो सायकलवर आला. त्याच्याच सायकलवर मागे बसून मी मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, तिथून दुधाच्या गाडीने परभणीला. संध्याकाळी मावशीची फाइल भरली. माणसं एक, खण दोन, चिंच एक, जनावरं नाहीत. नाव नर्मदाबाई. तुझ्या नव्या चिठ्ठीने तपासून पाहिलं, त्या नावाचं दुसरं कुणी नव्हतं. मग सगळ्या फाइली मोजल्या. चारशे बारा भरल्या. सर माझ्यामागे उभे होते, त्यांनीही मोजल्या.

कचेरीत साहेबांनी यादीवर सही केली. मी तुझा कागद पुढे धरून, उत्तरं पाठ करून गेले होते, पण त्यांनी काही विचारलंच नाही. चारशे बारा नावांत त्यांचं बोट बोरखडीच्या शेवटच्या पानावर नुसतं फिरलं. कागद मशीनमधून निघालेला दिसला की वाचायची गरज नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. भाऊसाहेबांनी मात्र तुझा कागद नीट लावून घेतला.

काल बोरखडीत मारुतीच्या पारावर यादी वाचली. सगळा गाव जमला होता. किशनकाका ताडकळसहून आले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. पुढेच बसले. ग्रामसेवक एकेक नाव वाचायचे, बाप्या उठायचा, अंगठा द्यायचा, चिठ्ठी घ्यायचा. काकांनी दोनदा उठायची तयारी केली, पण नाव दुसऱ्याचंच निघालं. शेवटी वाचलं, नर्मदाबाई, प्लॉट सत्तावन्न. कुणी उठेना. ग्रामसेवकांनी पुन्हा वाचलं आणि कोण ही नर्मदाबाई म्हणून विचारलं. दादा, बायकांत मावशी बसली होती आणि तिला कळलंच नाही. गावात सगळे तिला भुजंगची माय म्हणतात. चार माणसांत तिच्या नावाने तिला आजवर कुणी हाक मारली असेल? सरजाबाईने तिला ढोसलं तेव्हा ती उठली. पदर सावरत पुढे गेली, अंगठा दिला, चिठ्ठी कमरेला खोचली.

काका वाटेत उभे राहिले. त्यांचा चेहरा नुसता गोंधळलेला होता, राग नंतर आला. सगळ्यांसमोर म्हणाले, "माजं नाव कुटं गेलं? तू काय सांगितलंस यान्ला?"

मावशी थांबली. मला वाटलं आता रडेल. ती खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी तुमचं नाव कंदी घेतलं न्हाई. आताबी घेतलं न्हाई."

काका वाटेतून बाजूला झाले आणि रस्त्याला लागले. मागे वळले नाहीत.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, भुजंगनं काय लिहून दिलंय ते वाच. मी टाळत होते. तिने दोनदा विचारलं तेव्हा वाचलं. ती जात्यापाशी बसून ऐकत होती. वडील या घरात राहत नाहीत, या ओळीवर ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. बराच वेळ ती प्लॉटच्या चिठ्ठीची घडी घालत आणि उलगडत राहिली. तू खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते, तिला दुःख झालं. पण तिच्या स्वतःसाठी नाही झालं. ती म्हणाली, "लय जड गेलं आसंल त्याला हे ल्ह्यायला. एकटाच बसून ल्हेलं आसंल." मग डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याला ये म्हणावं. कुनाला इचारायचं न्हाई म्हणावं, घर माजं हाय."

कुसुम